पासला वीस गुण

एखाद्या अनोळखी घराच्या दोरीवर आपला शर्ट वाळत घातलेला दिसावा. आधी नुसतेच काहीतरी ओळखीचे वाटावे, मग कॉलरचा झिजलेला कोपरा दिसावा, मग तिसऱ्या बटणाला आपणच घातलेला वेगळ्या रंगाचा दोरा. तसे ते तेरा पत्ते त्याला ओळखू आले. इस्पिकचा एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी आणि चव्वी. बदामाची एकुलती एक सत्ती. चौकटचा राजा, गुलाम आणि खाली दोन बारके. किलवरमध्ये सांगण्यासारखे काही नाही. तो जेवणाच्या सुट्टीत, नेहमीप्रमाणे, कान तपासायच्या खोलीत बसून डबा खात होता. ही खोली त्याला आवडे, कारण तिच्या भिंतींना जाड फेसाचे अस्तर होते आणि बाहेरचे जग दारापाशीच गळून पडे; इतके, की स्वतःच्या चावण्याचा आवाज परक्या माणसाचा वाटे. समोर काचेपलीकडे रोग्याची रिकामी खुर्ची, तिच्या हातावर लोंबणारे हेडफोन, आणि वायरीच्या टोकाला ते बटण. ऐकू आले की दाबायचे. एवढेच त्याचे काम होते, गेली कित्येक वर्षे: हलके सूर सोडायचे आणि काचेपलीकडचा अंगठा केव्हा हलतो ते बघायचे. ज्याला ऐकू येत नाही त्याचा अंगठा स्वस्थ असतो. पण ज्याला ऐकू येते आणि खात्री नसते, त्याचा अंगठा आधी किंचित थरथरतो. त्या थरथरीवर त्याची भाकरी चालत होती. आता त्याचा स्वतःचा घास हातात तसाच राहिला होता, आणि मासिकाच्या पानावर त्याचे तेरा पत्ते सगळ्या जगासमोर उघडे पडले होते.

ब्रिजच्या त्या मासिकात ‘तज्ज्ञांचा कौल’ नावाचे सदर होते. कुणीतरी वाचक एखादा अवघड हात पाठवी. संपादक तो देशोदेशीच्या नामांकित खेळाडूंपुढे ठेवी आणि विचारी, इथे तुम्ही काय बोली लावाल? मग प्रत्येकाचे दोन-चार ओळींचे मत छापून येई, आणि शेवटी संपादक गुण वाटी: अमुक बोलीला शंभर, तमुकीला सत्तर. क्लबातले लोक हे सदर आधी हाताने झाकून स्वतःचे उत्तर ठरवत, मग हात काढून ताडून पाहत, आणि आठवडाभर त्यावर कचाकचा भांडत. तोही तसेच करी. आज त्याला हात ठेवायची गरज नव्हती. त्याचे उत्तर दोन महिन्यांपूर्वीच देऊन झाले होते. ‘डावीकडच्याने पहिल्याच बोलीला चार बदाम लावले. भिडू पास. उजवीकडचा पास. आता तुम्ही?’ आणि खाली, तिरप्या अक्षरांत: प्रश्न पाठवणारा, एक वाचक. त्याने त्या संध्याकाळी पास म्हटले होते. चार बदामांचा डाव डावीकडच्याने करून दाखवला. पलीकडच्या टेबलावर, जिथे तेच पत्ते दुसऱ्या जोड्या खेळत होत्या, विरोधकांनी त्यांवर चार इस्पिक लावले आणि ते झाले. तेवढ्या एका हाताने सामना गेला होता.

त्याने वाचायला नको होते. पण जीभ जशी दुखऱ्या दाढेकडे जाते तशी त्याची नजर खाली गेली. ‘चार इस्पिक. यात प्रश्न कुठे आहे?’ एक विजेता. ‘चार इस्पिक, आणि जो पास म्हणेल त्याने पत्ते ठेवून विणकाम शिकावे.’ दुसरा. एका गणिताच्या प्राध्यापकाने टक्केवारी मांडून डबल सुचवला होता, पण जाता जाता लिहिले होते की पास ही बोली नसून प्रकृती आहे, आणि तिच्यावर औषध नाही. एक न्यायाधीश होते, निवृत्त. त्यांनी म्हटले होते, ‘भित्रा माणूस हरतो तेव्हा भिडूलाही सोबत घेऊन हरतो. मला त्या भिडूची कीव येते.’ भिडूची! त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्या खोलीत तो लोकांना विचारी, ‘आवाज डाव्या कानात आला की उजव्या?’ त्याच खोलीत आता दोन्ही कानांत एकच आवाज होता, आणि तो दादाचा होता. मुळीच न बोललेला. त्याचा तो पास त्या टेबलावरच्या चारच माणसांनी पाहिला होता. समोरचे दोघे परगावचे, जिंकून विसरून गेलेले. तिसरा तो. चौथा त्याचा भिडू, त्याचा सख्खा थोरला भाऊ, ज्याला क्लबात सगळे वकीलसाहेब म्हणत. आणि ज्याने इतकी वर्षे कोर्टात अर्धा प्रश्न विचारून पुरे उत्तर वसूल करण्याचा धंदा केला होता.

कारण प्रश्न अर्धाच होता. ‘भिडू पास’ असे छापले होते, जणू दादाने ते असे सहज म्हटले. ब्रिज हा मुक्यांचा खेळ आहे. भिडूशी बोलायचे ते फक्त बोलीने, आणि तीही छापील चिठ्ठी समोर ठेवून. भुवईने नाही, सुस्काऱ्याने नाही, आणि वेळ लावूनही नाही. समोरच्याने एकदम वरची बोली लावली तर पुढच्याने जरासे थांबायचे असा नियम आहे, म्हणजे त्याच्या मनातले कुणाला कळू नये. पण दादा त्या जराच्या पार पलीकडे गेला होता. त्याने चष्मा काढला. पत्ते मिटले, पुन्हा उघडले. पासच्या चिठ्ठीपाशी बोटे नेली आणि परत आणली. कुठेतरी खुर्ची सरकली, कुणी पाणी प्यायले, पंख्याच्या एका पात्याची कुरकुर त्याने पुरती ऐकली. आणि मग दादाने पास केले, अशा चेहऱ्याने की मी आता माझ्याकडून सांगितले, पुढचे तू बघ. म्हणजे दादाकडे चांगले पत्ते होते. हे त्याला कळले, आणि कळता क्षणी त्याचे हात बांधले गेले. कारण भिडूच्या रेंगाळण्यातून जे कळते ते न कळल्यासारखे वागायचे, किंबहुना त्याच्या उलट बाजूला झुकायचे, हीच या खेळातली अब्रू. एकट्याने, आंधळेपणाने, तो कदाचित चार इस्पिक बोलला असता. पण त्या थांबण्यानंतर ते चार इस्पिक त्याचे राहिले नव्हते. ते उचललेले पाकीट झाले होते. त्याने पास म्हटले, आणि त्या क्षणी, सामना हातून जात असताना, त्याला आत कुठेतरी स्वच्छ, थंड असे बरे वाटले होते. त्याला वाटले होते, दादाला हे नक्की कळले असेल.

आणि गंमत अशी, की त्या प्रामाणिकपणाने स्वतःचा पुरावा स्वतःच खाल्ला होता. तो बोलला असता तर समोरच्यांनी तत्काळ पंचाला बोलावले असते. पंचाने विचारले असते, तुम्ही थांबलात का. ते कागदावर आले असते. पास केल्यावर कोण कशाला तक्रार करतो? जिंकणारे जिंकले, पत्ते पुन्हा खोक्यात गेले, आणि दादाचे ते लांबलचक थांबणे जगातून पुसले गेले. ते आता फक्त दोन डोक्यांत उरले होते, आणि त्यांतल्या एकाने हा प्रश्न पोस्टात टाकला होता.

पानाच्या अगदी तळाशी, संपादकाने जवळजवळ लाजत छापलेले, एका म्हाताऱ्या बाईंचे मत होते. पूर्वी त्या मोठ्या खेळाडू होत्या म्हणे. ‘पास. पण आधी मला सांगा, भिडूने पास करायला वेळ किती लावला? पटकन केला असेल तर माझे चार इस्पिक. विचार करत बसला असेल तर पास. आणि घरी जाताना नवा भिडू.’ त्याखाली संपादकाची टीप: ‘बाई नेहमीप्रमाणे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत. प्रश्नात भिडूच्या वेळाचा उल्लेख नाही. पासला वीस गुण.’ त्याने डबा बंद केला. कुठल्या देशातल्या, कुठल्या खिडकीशी बसलेली ती बाई. तिला नुसत्या पत्त्यांवरून ते थांबणे ऐकू आले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्याचाच त्याला संताप आला.

दुपारभर तो सूर सोडत राहिला. एक म्हातारे गृहस्थ आवाज नसतानाही बटण दाबत होते, आपण नापास होऊ या भीतीने. त्यांना तो म्हणाला, ‘आजोबा, घाई नाही. ऐकू आलं तरच दाबा.’ ‘आणि आलंय असं वाटलं तर?’ ‘तर मला कळतं,’ तो म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्याने दचकला. त्याला नेहमी कळत आले होते. लहानपणी जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरून चौघे खेळत, आई-बाबा एकीकडे, दादा आणि तो एकीकडे. तेव्हा नियमबियम कुणाला माहीत होते? दादा थांबला की तो समजे. दादाच्या थांबण्याचे प्रकार होते. नाकातून श्वास सोडून थांबणे म्हणजे पुढे जा. छताकडे पाहून थांबणे म्हणजे गाढवपणा करू नकोस. बाबा हसत, ‘अरे, या बारक्याला पत्ते दिसतच नाहीत, याला फक्त दादा दिसतो!’ तो कानांपर्यंत लाल होई आणि रात्री उशीत तोंड खुपसून तेच वाक्य पुन्हा पुन्हा चघळे, कौतुकासारखे. मोठेपणी नियम शिकला तेव्हा त्याला सुटल्यासारखे वाटले. निदान एका टेबलावर तरी दादाचे थांबणे ऐकायचे नाही असा कायदा होता.

घरात तसा कायदा नव्हता. वाचनालयात काम करणारी एक मुलगी होती. पुस्तकावर शिक्का मारण्याआधी ती शिक्क्यावर फुंकर घालत असे, का कोण जाणे. तिच्याशी लग्न करावे की नाही, हे त्याने दादाला विचारले होते. विचारायचे कारण नव्हते, पण विचारले होते, दादाच्या ऑफिसात, फायलींच्या भिंतीआड. दादाने चष्मा काढला. छताकडे पाहिले. बाहेर टाइपरायटर वाजत होता, थांबला, पुन्हा वाजू लागला. मग दादा म्हणाला, ‘तुझं तू बघ. मी काय सांगणार?’ पास. आणि तो उठून गेला आणि त्या मुलीला नाही म्हणून आला. पुढे कधीतरी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, कुणीतरी त्याच्या एकटेपणाचा विषय काढला, तेव्हा वहिनी म्हणाली, ‘भाऊजींनीच नको म्हटलं हो. आम्ही कधी अडवलं? विचारा यांना!’ आणि दादा, हातातला पेला फिरवत, तत्काळ, क्षणाचाही वेळ न लावता म्हणाला, ‘छे, मी तर काहीच बोललो नव्हतो.’ ते खरेच होते. तोच त्याचा कहर होता. टेबलावर त्याने दादाच्या थांबण्याच्या उलट केले, घरात थांबण्याप्रमाणे केले, आणि दोन्हीकडे त्याच्या नावावर लागला तो पासच.

क्लबाच्या जिन्यावर नेहमीचा ओल्या पायपुसण्याचा वास होता. अंतिम फेरीचा संघ आज ठरणार होता. संघ ठरवणाऱ्या कॅप्टनबाई, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हिरवे कापड झटकत होत्या. आणि मधल्या टेबलावर, उघडे, उताणे, मासिक पडले होते. तीन-चार जण त्यावर वाकले होते. पान मिटायची तसदी कुणी घेतली नाही.

‘या, या, वीस गुण!’ दंतवैद्य म्हणाला. हा दाढा काढणारा गुळगुळीत माणूस गेले काही महिने दादाच्या शेजारी बसून चहा पीत असे.

‘गप रे,’ दादा म्हणाला, पण हसत. ‘माझ्या भावाची थट्टा मी करीन, तू नको करूस. काय बारक्या, वाचलंस? मी आपलं सहज पाठवलं. म्हटलं, आपल्या दोघांनाही शिकायला मिळेल.’

‘प्रश्न पुरा पाठवायचा होतास,’ तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला.

‘म्हणजे?’

‘तू थांबला होतास.’

दादाने आजूबाजूला पाहिले, जसे तो कोर्टात पाहत असावा. ‘चार बदामांवर सगळेच थांबतात. नियमच आहे तो. तेवढाच थांबलो.’

‘तू चष्मा काढलास, दादा.’

‘घाम आला होता रे!’ दंतवैद्य खिदळला. दादाही हसला, आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मायेने म्हणाला, ‘हे बघ, एक हात चुकला म्हणून कुणी फाशी देत नाही. तुझ्यावर ताण येतो, दिसतंय मला. या फेरीपुरता थोडा आराम कर. बाई म्हणतायत, मी आणि डॉक्टर बसून बघावं. मी म्हटलं, आधी याला विचारा.’

‘मला कुणी विचारलं नाही.’

‘विचारतोय की आता.’

कॅप्टनबाईंनी कापडाची शेवटची सुरकुती हाताने दाबली. ‘मी अजून काही ठरवलेलं नाही, वकीलसाहेब,’ त्या म्हणाल्या. ‘आज तुम्ही दोघे भाऊ बसा. डॉक्टर आणि मी समोर. खेळ बघू, मग बोलू. मासिक उचला तेवढं, पत्ते ठेवायला जागा नाही.’

त्याला आता एकच गोष्ट हवी होती, आणि ती संघातली जागा नव्हती. त्याला दादाच्या तोंडून तीन शब्द हवे होते: मी थांबलो होतो. कुणाच्या तरी देखत. तो पत्ते घेत होता, लावत होता, टाकत होता, आणि त्याचे सगळे अंग दादाच्या बोटांकडे कान देऊन बसले होते. हातामागून हात गेले. दादा आज झरझर बोली लावत होता, चित्रातल्या सज्जनासारखा. आणि मग दंतवैद्याने, त्याच्या डावीकडून, तीन चौकट उघडले. दादाने नियमाइतका वेळ घेतला. तो सरला. दादाने पत्ते मिटले. उघडले. नाकातून श्वास सोडला. हात चष्म्याकडे गेला, अर्ध्यात आठवण झाल्यासारखा परतला, आणि उगाच कान खाजवून खाली आला. पंखा कुरकुरत होता. पास, दादाने चिठ्ठी ठेवली. पास, बाईंनी.

त्याने आपले पत्ते पाहिले. बदामाचे पाच, त्यांत राणी सर्वांत मोठी, बाकी कचरा. शाळकरी पोरानेही पास केले असते. विणकाम शिकायला लावणाऱ्या त्या विजेत्यानेही. त्या म्हाताऱ्या बाईने तर नक्कीच. तिची त्याला मनोमन क्षमा मागावीशी वाटली. आयुष्यात त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती: कुणालाही न दिसलेली, वीस गुणांची ती स्वच्छता. ती विकल्याशिवाय ते तीन शब्द मिळणार नव्हते. त्याने खोक्यातून चिठ्ठी काढली आणि कापडावर ठेवली. तीन बदाम.

दंतवैद्याने आधी चिठ्ठीकडे आणि मग त्याच्याकडे पाहिले. ‘अरे वा,’ तो म्हणाला. ‘सेक्रेटरी! इकडे या जरा. पंच हवाय.’

क्लबाचे सेक्रेटरीच पंच होते. ते गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवत आले. ‘काय झालं?’

‘यांच्या भिडूने पास करायच्या आधी भला मोठा विचार केला. मग यांनी बोली लावली. पत्ते बघा त्यांचे, नंतर बघा हवं तर. मी आत्ताच सांगतो, त्यात काही नसणार.’ आपण कुणाच्या विरुद्ध बोलतो आहोत हे दंतवैद्याच्या ध्यानात बोलून झाल्यावर आले. त्याने ओठ चावला. पण बोललेले मागे घ्यायची सोय या खेळात नसते.

सेक्रेटरी दादाकडे वळले. ‘वकीलसाहेब, साधा प्रश्न आहे. नियमापेक्षा जास्त थांबलात तुम्ही?’

आणि दादा विचार करू लागला. हो म्हटले तर चष्मा, घाम, दोन महिन्यांपूर्वीचा तो पास, सगळेच उघडे पडणार होते. नाही म्हटले तर समोर दोन साक्षीदार बसले होते, आणि त्यांतला एक त्याचा उद्याचा भिडू होता. त्याने चष्मा काढला. मघाशी मासिकावर वाकलेले ते तीन-चार जण शेजारच्या टेबलांवरून मान वळवून बघू लागले. दादाने चष्म्याची काडी मिटली, उघडली. छताकडे पाहिले. कुणीतरी खोकले. ते थांबणे खोलीभर पसरत गेले, इतके मोठे, इतके उघडे, की भिंतीवरच्या घड्याळालाही ते ऐकू जावे. आणि पहिल्यांदाच ते एकट्या त्याला ऐकावे लागत नव्हते.

‘नाही,’ दादा म्हणाला.

कुणी हसले नाही. कॅप्टनबाईंनी आपले पत्ते पालथे ठेवले. ‘सेक्रेटरी, उत्तर लिहून घ्या,’ त्या म्हणाल्या, ‘आणि उत्तराला किती वेळ लागला, तेही लिहा.’ मग, वर्गात एकाला शिक्षा करून दुसऱ्याकडे वळावे तशा, त्या त्याच्याकडे वळल्या. ‘आणि तुम्ही? तुम्ही त्यांच्या थांबण्यावरून बोली लावलीत ना? जाणूनबुजून?’

‘हो,’ तो म्हणाला. प्रश्न संपायच्याही आत. पहिल्याच सुराला अंगठा दाबावा तसे.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी मावळले. ‘त्या दिवशीचा तुमचा पास मी विसरले नव्हते,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘पलीकडच्या टेबलावरून मला वकीलसाहेबांचा चष्मा दिसला होता. आज तेच सांगणार होते मी, खेळ झाल्यावर.’ त्यांनी मासिक उचलून पर्समध्ये घातले. ‘आता काय सांगू? दोघेही नाही. मी दुसरी जोडी बघते.’

कॅप्टनबाईंना दिसले होते. दोन महिने, या एवढ्याशा खोलीत, त्याची स्वच्छता कुणाच्या तरी जवळ सुखरूप ठेवलेली होती. आणि ती तासाभरात त्याच्या हाती दिली जाणार होती. त्याने तेरा पत्ते नीट सारखे केले, कडा जुळवल्या, आणि पालथे ठेवले. त्याला वाटले होते मोकळे वाटेल. वाटत होते ते एवढेच, की खोलीच्या भिंतींवरचे अस्तर कुणीतरी सोलून काढले आहे आणि रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न थेट हाडात शिरतो आहे. तो उठला. मागून खुर्ची सरकली.

‘बारक्या,’ दादा म्हणाला.

तो वळला. दादा उभा होता, एका हातात चष्मा, ओठ किंचित उघडे. वाक्य त्या ओठांपर्यंत आले होते. ते कुठले असेल, हे त्याला, फक्त त्यालाच, नेमके ओळखता आले असते. दादाने नाकातून श्वास सोडला. दादा विचार करत होता.

तो जिना उतरू लागला.